जुने मेटल अल्बम पुन्हा ऐकायला काढताना: आधी हातातली प्रत ओळखा

मंद्रपंचम

इथे बऱ्याच जणांकडे कपाटभर मेटल आहे: कॅसेटी, सीडी, काहींकडे तबकड्या आणि हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षं साठलेल्या फाइली. हा संग्रह नव्याने ऐकायला घेणाऱ्यांसाठी हा धागा. अल्बमबद्दल मत बनवण्याआधी आपल्या हातात त्याची नेमकी कोणती आवृत्ती आहे ते पाहा, एवढंच माझं म्हणणं आहे. मेटलमध्ये हा फरक नुसता 'थोडं स्वच्छ, थोडं मळकट' इतका नसतो. कित्येकदा वाजवणारी माणसंच बदललेली असतात.

सगळ्यात ठळक उदाहरण ओझी ऑस्बॉर्नच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' (१९८०) आणि 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' (१९८१) यांचं. २००२ साली हे दोन्ही अल्बम पुन्हा काढले तेव्हा बॉब डेझलीचा बास आणि ली कर्स्लेकचे ड्रम्स पुसून त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतले. रँडी ऱ्होड्सची गिटार तीच, पण तिच्याखालची जमीन वेगळी. डेझलीचा बास गिटारच्या मधल्या जागांतून फिरतो, तो त्या प्रतींत नाही. २०११च्या आवृत्तीत मूळ वादन परत आणलं. म्हणून मागच्या कव्हरवर २००२ साल दिसलं तर ती प्रत बाजूला ठेवा आणि १९९५ची किंवा २०११ची शोधा.

मेगाडेथचं प्रकरण थोडं निराळं आहे. २००४ साली बँडचा गायक-गिटारवादक डेव्ह मस्टेनने कॅपिटॉल कंपनीसाठी केलेले जुने अल्बम नुसते रीमास्टर (तयार मिश्रणाचा अंतिम आवाज नव्याने बसवणं) केले नाहीत, पूर्ण रीमिक्स (सुट्या वाद्यांचं मिश्रणच नव्याने करणं) केले. 'रस्ट इन पीस' (१९९०) मध्ये काही गाण्यांच्या मूळ गायनाच्या टेप्स सापडल्या नाहीत, म्हणून तिथे त्याने नव्याने गायलं. चौदा वर्षांनंतरचा गळा आहे, फरक कळतो. ड्रम्सचा पोतही बदललाय. १९९०ची सीडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती जपावी.

आयर्न मेडनच्या १९९८च्या सीडींमध्ये गाण्यांचा क्रमच हलला. 'द नंबर ऑफ द बीस्ट' (१९८२) मूळ आठ गाण्यांचा. १९९८च्या प्रतीत 'गँगलँड' आणि 'हॅलोड बी दाय नेम' यांच्या मध्ये 'टोटल एक्लिप्स' घातलं. पुढे २०२२च्या चाळिसाव्या वर्षाच्या तबकडीवर तर 'गँगलँड' काढूनच टाकलं आणि त्या जागी 'टोटल एक्लिप्स' आलं. पहिल्या अल्बममधलं 'सँक्च्युरी' आणि 'किलर्स'मधलं 'ट्वायलाइट झोन' मूळ ब्रिटिश तबकड्यांवर नव्हतं, अमेरिकन प्रतींवर आणि १९९८च्या सीडींवर आहे.

सीडीची प्रत ओळखायची तर मागच्या कव्हरवरच्या सालावर थांबू नका. तिथे बहुधा हक्काचं साल असतं, छपाईचं नसतं. सीडी उलटी करून मधल्या पारदर्शक कड्याभोवती कोरलेला मजकूर भिंगाने वाचा. तो मॅट्रिक्स क्रमांक, कव्हरच्या कण्यावरचा कॅटलॉग क्रमांक आणि बारकोड असे तिन्ही डिस्कॉग्ज या आवृत्त्यांची सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकले की बहुतेक वेळा नेमकी आवृत्ती सापडते. कड्याजवळ बारीक अक्षरांत आयएफपीआय कोड (कारखान्याची ओळखखूण) दिसला तर ती सीडी १९९४ किंवा त्यानंतर छापलेली आहे. कोड नसेल तर त्याआधीची असण्याची शक्यता जास्त, मात्र खात्री नाही, कारण काही कारखान्यांनी तो उशिरा सुरू केला.

---

करवत

उत्तम धागा. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात घ्यावं. तिथे अल्बमचं नाव आणि मूळ साल तेच राहतं, पण आतली फाइल मात्र गुपचूप नव्या मास्टरची आलेली असू शकते. गाण्यांची संख्या आणि प्रत्येक गाण्याची लांबी सेकंदापर्यंत आपल्या सीडीशी ताडून पाहिली की पुष्कळदा उलगडा होतो.

दुसरा मुद्दा आवाजाच्या पातळीचा. मेटलला याचा फटका सर्वांत जास्त बसलाय. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) हा धडाच आहे. सीडीचा डीआर, म्हणजे मोठ्या आणि हलक्या आवाजांतल्या अंतराचा आकडा, ३ येतो. त्याच गाण्यांची गिटार हीरो या व्हिडिओ गेमसाठी दिलेली आवृत्ती तुलनेने मोकळी आहे, तिचा डीआर १२च्या आसपास. गाणी तीच, वादन तेच, पण सीडीवर ड्रमर लार्सचा स्नेअर पडतो तिथे लाटेचा माथा कापला गेलाय आणि चरचर ऐकू येते. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी मिक्स त्यांच्याकडे आलं तेव्हाच ते पिळलेलं होतं असं म्हटल्याचं तेव्हा बाहेर आलं होतं. म्हणजे नुसतं रीमास्टर करून ते सुटणारं नव्हतं.

संग्रहातल्या फाइली फूबार२००० या प्लेअरमध्ये घेऊन डीआर मीटर चालवा. एका अल्बमला मिनिटसुद्धा लागत नाही. १९८०च्या दशकातल्या मेटल सीडी साधारण डीआर १० ते १४ मध्ये येतात, २०००नंतरच्या पुष्कळशा ५ ते ७ मध्ये.

---

तिरपा_काटा

@करवत, डीआरबद्दल सहमत, पण एक पुस्ती जोडतो. तबकडीवरून रेकॉर्ड केलेल्या फाइलीचा डीआर सीडीच्या आकड्याशी ताडू नका. तबकडी कापताना आणि सुईने वाचताना लाटेच्या वेगवेगळ्या कंप्रतांची कला (फेज) सरकते, त्यामुळे कापलेले माथे पुन्हा टोकदार दिसू लागतात. मास्टर तेच असलं तरी मीटर तीन-चार अंक जास्त दाखवतो. लोक हे आकडे दाखवून 'व्हायनल मोकळं आहे' म्हणतात. मास्टर खरंच वेगळं असेल तर म्हणा, पण ते आकड्यावरून ठरत नाही.

दोन आवृत्त्या कानाने ताडताना पातळी आधी सारखी करा. ०.२ डीबीपेक्षा जास्त तफावत ठेवू नका. एक डीबीने मोठी वाजणारी प्रत 'जास्त दमदार' वाटते आणि माणूस रीमास्टरच्या प्रेमात पडतो. पद्धत सोपी आहे: दोन्ही अल्बमवर रीप्लेगेन (आवाजाची पातळी मोजून सारखी करणारी सोय) स्कॅन करा, 'अल्बम गेन' लावा आणि मगच ऐका. 'ट्रॅक गेन' लावू नका. लावला की मेटॅलिकाच्या 'बॅटरी'च्या सुरुवातीची ॲकॉस्टिक गिटार आणि पुढचा हल्ला यांतलं अंतर तसंच राहतं, पण शांत गाणं मोठं होऊन अल्बमचा चढउतार सपाट होतो. त्यानंतर फूबारच्या एबीएक्स घटकात (कोणती प्रत वाजतेय ते न बघता ओळखायची चाचणी) निदान दहा फेऱ्या करा. आठपेक्षा कमी बरोबर आल्या तर फरक ऐकू येतो असं छातीठोक म्हणू नये.

---

पत्रा_ठोक

मेटॅलिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) बद्दल कोणी लिहील का? बास ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. इक्वलायझरने काही करता येतं का? मी ६० ते १०० हर्ट्झ वाढवून पाहायचा विचार करतोय.

---

मंद्रपंचम

@पत्रा_ठोक, त्याने बास वर येणार नाही. त्या पट्ट्यात या मिक्समध्ये तीन गोष्टी बसल्यात: हेटफिल्डच्या तळहाताने दाबलेल्या तारांचा धक्का, किक ड्रमचं अंग आणि तळाशी न्यूस्टेडचा बास. पहिल्या दोन मोठ्या आहेत. पट्टा वाढवलात की त्याच फुगतात, बास त्यांच्यामागेच राहतो. शिवाय न्यूस्टेड बऱ्याच ठिकाणी गिटारचीच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी धून) जशीच्या तशी खालच्या सप्तकात वाजवतो, त्यामुळे वेगळी धून म्हणून कान त्याला पकडू शकत नाही.

मिक्सिंग स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो यांचं. बास खाली आणायला बँडकडूनच सांगितलं गेलं, हे थॉम्पसन यांनी मुलाखतींत सांगितलंय. २०१८च्या रीमास्टरमध्येही बास वर आणला नाही. मिक्स तेच ठेवलंय. तेव्हा तेवढ्यासाठी ती प्रत विकत घेऊ नका.

करायचंच असेल तर उलट बाजूने करा. २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास दीड-दोन डीबी वाढवा, म्हणजे गिटारच्या पोकळ मध्याला थोडं मांस येतं. मग ४ किलोहर्ट्झजवळ एक-दीड डीबी कमी करा, म्हणजे किकची टकटक मागे सरते. अल्बम ऐकायला कमी थकवणारा होतो. बास मात्र नाहीच.

---

करवत

इथे माझं मत वेगळं आहे. 'जस्टिस'ला हात लावू नये. तो कोरडा, हाडाडलेला आवाजच त्या गाण्यांचा स्वभाव आहे. सहा-सात मिनिटांच्या रचना, सतत बदलणारी मात्रा आणि ६५ मिनिटं लांबी, यात जाड बास असता तर रिफच्या कडा बुजल्या असत्या. बास असलेलं कसं वाजलं असतं हे ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी गिटार हीरो आणि रॉक बँड या खेळांतल्या सुट्या ट्रॅक्सवरून चाहत्यांनी केलेली मिक्स आहेत. एकदा ऐका, न्यूस्टेडने काय वाजवलंय ते कळतं, मग मूळ प्रतीकडे परत या.

---

फेराइट

कॅसेटवाल्यांसाठी सविस्तर लिहितो. आपल्याकडे १९८० आणि ९०च्या दशकात मेटल मुख्यतः कॅसेटवरच आलं, आणि मुंबई-कोकण पट्ट्यातल्या हवेत त्या कॅसेटींची अवस्था आता नाजूक आहे.

डेकमध्ये घालण्याआधी कॅसेट उजेडात धरा. गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा पिठासारखी साय दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट थेट वाजवू नका, कारण कण टेप वाचणाऱ्या हेडला आणि टेप पुढे सरकवणाऱ्या पिंच रोलरला लागतात आणि पुढच्या दहा कॅसेटी त्याच डेकमधून बाधतात. नाकातोंडाला मास्क लावा, कॅसेट गॅलरीत न्या. कवच स्क्रूचं असेल तर पाच स्क्रू सोडवा, गुंडाळ्या न उचलता कड कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मग टेप हाताने संथ फिरवत तंतू न सोडणाऱ्या कोरड्या कापडाच्या घडीतून एकदा पूर्ण पार करा. कवच चिकटवलेलं असेल तर शिवणीवर पातळ पातं ठेवून हलकेच ठोका, ते उकलतं. टेप आणि दोन्ही चक्र्या स्क्रूच्या रिकाम्या कवचात बसवा. टेप रोलरांवरून आणि पॅडच्या पुढून नीट गेलीय ना ते पाहूनच कवच बंद करा.

हेडसमोरचा फेल्टचा तुकडा, म्हणजे प्रेशर पॅड, जुन्या कॅसेटींत हमखास गळून पडलेला असतो. लक्षण असं की उंच आवाज येतो-जातो, झांजा कधी आहेत तर कधी नाहीत. पितळी पट्टीवर तो फेविकॉलने चिकटवू नका, दमट हवेत पुन्हा सुटतो. टाकून देण्याच्या कॅसेटमधली अख्खी पट्टी पॅडसकट काढून बसवा.

डेकची सफाई: हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा धातूचा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने. पिंच रोलर रबराचा असतो, त्याला अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होऊन चिरा पडतात. तो साबणाच्या किंचित पाण्याने पुसून कोरडा करा. पट्टे सैल झाले असतील तर आधी बदला, नाहीतर वेग डळमळतो आणि लांब ताणलेला गिटारचा स्वर थरथरतो.

आता मुख्य काम, ॲझिमथ, म्हणजे टेपच्या तुलनेत हेडचा कोन. प्रत्येक विकतची कॅसेट कारखान्यात थोड्या वेगळ्या कोनात भरलेली असते. हेडच्या बाजूला एक स्प्रिंगवाला स्क्रू असतो. डेकचं आउटपुट मोनो करा, हाय-हॅट सतत चालू आहे असा भाग लावा आणि स्क्रू अगदी थोडा, एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांइतका फिरवा. मोनोमध्ये उंच आवाज सर्वांत स्पष्ट होतो तिथे थांबा. स्टीरिओत हे नीट कळत नाही. दोन वाहिन्यांतला काळाचा फरक मोनोमध्ये एकमेकांना खोडतो, म्हणून तिथेच चूक ऐकू येते. स्क्रूची मूळ जागा आधी मार्करने खूण करून ठेवा.

डॉल्बीचा (टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीचा) निर्णय ॲझिमथनंतर घ्या, आधी नाही. उंच आवाज दबलेला असताना डॉल्बी बी लावलं तर ते आणखी गळतं आणि लोक समजतात की डॉल्बीनेच मेटल मारलं. जे-कार्डवर (कॅसेटच्या डबीतल्या कागदी कव्हरवर) दोन डी अक्षरांची खूण असेल तर ॲझिमथ जुळल्यावर डॉल्बी लावूनच रेकॉर्ड करा.

इक्वलायझेशनबद्दल: टाइप १ (साध्या) टेपसाठी १२० मायक्रोसेकंद, टाइप २ (क्रोम) साठी ७०. पण क्रोम टेपवर भरलेल्या विकतच्या अल्बमांपैकी बरेच १२० वरच भरलेले आहेत. कवचाच्या वरच्या कडेला टाइप २ च्या खाचा नसतील तर हाताने ७० निवडू नका, आवाज झाकोळतो.

रेकॉर्ड २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर, सर्वांत उंच माथा −६ डीबीपाशी. दोन्ही बाजू सलग घ्या, गाणी नंतर कापा. आवाज कमी करणारे फिल्टर मूळ फाइलीवर कधीही लावू नका. हिसमध्ये (टेपच्या सततच्या 'स्स' आवाजात) झांजांची शेपटी मिसळलेली असते आणि फिल्टर दोन्ही घेऊन जातो.

कॅसेट ओव्हनमध्ये तापवण्याचे व्हिडिओ फिरतात. तो उपाय ओपन रीलच्या काही विशिष्ट टेपांसाठी आहे. कॅसेटचं कवच वाकेल, तापवू नका.

---

पत्रा_ठोक

@फेराइट, अत्यंत उपयोगी. वेग बरोबर आहे हे कसं तपासायचं? ट्यूनर ॲप लावून गाण्याच्या स्वरावरून?

---

फेराइट

नको. मेटलमध्ये हा मार्ग हमखास फसवतो. मेटॅलिकाचा 'राइड द लायटनिंग' (१९८४) मूळातच ए ४४० या प्रमाण स्वरापेक्षा थोडा चढा आहे. उलट पँटेराच्या 'व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर' (१९९२) मध्ये गिटार नेहमीच्या स्वरांपासून जवळपास पाव स्वर उतरलेल्या आहेत. वेगातला एक टक्का म्हणजे साधारण १७ सेंट (अर्धस्वराचे १०० सेंट). पँटेराला ट्यूनरवर 'बरोबर' करायला गेलात तर वेग तीन टक्के वाढवाल, डाइमबॅगची गिटार पातळ होईल आणि अन्सेल्मोचा आवाज कोवळा.

३००० किंवा ३१५० हर्ट्झची चाचणी कॅसेट घ्या, फोनवरचं कंप्रता मोजणारं ॲप लावा आणि मोटरच्या मागच्या भोकातला स्क्रू फिरवून आकडा जुळवा. चाचणी कॅसेट नसेल तर त्याच अल्बमच्या सीडीवरच्या गाण्याची लांबी आणि कॅसेटवरची लांबी ताडा. पाच मिनिटांच्या गाण्यात तीन सेकंदांचा फरक म्हणजे एक टक्का.

---

घनघोर

स्वरांचा विषय निघालाच आहे तर ब्लॅक सॅबथचं सांगतो. पहिले दोन अल्बम, दोन्ही १९७०चे, नेहमीच्या ई ट्यूनिंगमध्ये आहेत. 'मास्टर ऑफ रिॲलिटी' (१९७१) मध्ये काही गाण्यांसाठी गिटार आणि बास तीन अर्धस्वर उतरवले. गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात कापली गेली होती. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात तोच. सैल तारा दाबायला सोप्या, हे त्यामागचं एक कारण. पण ऐकणाऱ्याला मिळालं ते वजन. पुढच्या डूम आणि स्लज मेटल या संथ, जड प्रकारांचा पाया इथे आहे.

ओळीने तीन अल्बम एका बैठकीत ऐका आणि फक्त बासवादक गीझर बटलरकडे कान द्या. तिसऱ्या अल्बमात बासची तार फडफडते, ती फडफड ऐकू येणारी प्रत चांगली. दाबून मास्टर केलेल्या प्रतीत नुसता घुमणारा ढग राहतो.

---

तिरपा_काटा

सीडीवाल्यांना तातडीची सूचना. सीडीच्या कड्यावर इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्याचा उल्लेख, म्हणजे 'मेड इन यूके बाय पीडीओ' असं लिहिलेलं असेल आणि छपाई १९८८ ते १९९३ मधली असेल तर ती आजच तपासा. या सीडींच्या ॲल्युमिनियमचा थर कडेकडून तांबूस होत जातो. लाखेचा थर कव्हरच्या कागदातल्या गंधकाला तोंड देऊ शकला नाही. सुरुवातीला शेवटची गाणी कुरकुरतात, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि गंज बाहेरून आत येतो. उपाय नाही. वाचता येतंय तोवर रिप करून घ्या, म्हणजे संगणकावर उतरवा.

जाड पेटीतल्या दोन सीडींच्या संचात मध्ये काळ्या स्पंजची चकती असते. ती काढून टाका. काही वर्षांत तो स्पंज चिकट होऊन सीडीच्या छापील बाजूला बसतो आणि ओढला की लाख निघते. छापील बाजूची जखम खालच्या ओरखड्यापेक्षा घातक, कारण माहितीचा थर त्या बाजूला अगदी वरच असतो.

रिपसाठी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. सिक्युअर मोड, ड्राइव्हचा ऑफसेट ॲक्युरेटरिपने (आपला रिप इतरांच्या रिपशी ताडणारी सूची) ठरवलेला, 'टेस्ट अँड कॉपी' चालू, फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) साठवण आणि लॉग सोबत. दोन्ही वाचनांचे सीआरसी (पडताळणीचे आकडे) जुळले पण ॲक्युरेटरिप जुळला नाही, तर लगेच घाबरू नका. तुमची छपाई वेगळी असेल. सीआरसीच जुळत नसतील तर सीडी मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल नाही, आणि वेग ८एक्स वर आणा.

१९८०च्या दशकातली जपानी छपाई असेल तर प्री-एम्फसिस (भरताना मुद्दाम वाढवलेले उंच स्वर, जे सीडी प्लेअर वाजवताना परत कमी करतो) तपासा. सीडी रिप केल्यावर गरजेपेक्षा चकचकीत, पातळ वाटते आणि सीडी प्लेअरवर मात्र बरी वाजते, असं असेल तर शक्यता तीच. काही सीडींत ही खूण सुरुवातीच्या सूचीत नसते, सबकोडमध्येच (गाण्यासोबत लपलेल्या माहितीत) असते, म्हणून प्रोग्रॅम 'नाही' म्हणाला तरी कानावर विश्वास ठेवा. सॉक्स या प्रोग्रॅममधला डी-एम्फसिस लावून वेगळी फाइल करा, मूळ रिप तसाच ठेवा.

---

घनघोर

ऐकण्याचा क्रम कसा लावावा याबद्दल थोडं. बँडप्रमाणे किंवा सालाप्रमाणे सगळेच लावतात. एकदा स्टुडिओप्रमाणे लावून पाहा, एक्स्ट्रीम मेटल त्याने उघडतं.

स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ आणि तिथला निर्माता टोमास स्कॉग्सबर्ग: एंटूम्डचा 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०), डिसमेंबरचा 'लाइक ॲन एव्हर फ्लोइंग स्ट्रीम' (१९९१). करवतीसारखा तो गिटारचा आवाज बॉसच्या एचएम-२ पेडलचा, चारही बटणं शेवटपर्यंत फिरवलेली. पेडल तळाचा आणि साधारण १ किलोहर्ट्झजवळचा पट्टा उचलतं. म्हणूनच हे अल्बम इक्वलायझरचा 'रॉक' प्रीसेट लावून ऐकू नका. प्रीसेट नेमका मधला पट्टा खाली ओढतो आणि सगळा जीव तिथेच आहे.

मग फ्लोरिडातल्या टँपाचा मॉरिसाउंड स्टुडिओ, निर्माता स्कॉट बर्न्स: कॅनिबल कॉर्प्सचा 'टूम ऑफ द म्यूटिलेटेड' (१९९२), सेपल्टुराचा 'बिनीथ द रिमेन्स' (१९८९), जो रिओ द जानेइरोत रेकॉर्ड झाला आणि मिक्स मॉरिसाउंडला झाला. इथे दुहेरी किकचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. सनलाइटनंतर लगेच लावा, फरक अंगावर येतो.

नॉर्वेचा बर्गनमधला ग्रीगहालेन, निर्माता पिटन: एंपररचा 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' (१९९४). सभागृहाची पोकळी ड्रम्समागे ऐकू येते, छोट्या स्पीकरवर तिचा नुसता धूर होतो. हेडफोन लावा. याच साली आलेला डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड झालेला आहे. त्याचा पातळ आवाज हा दोष समजून दुरुस्त करायला जाऊ नका.

---

करवत

फाइली करताना गाण्यांमधले सांधे सांभाळा. स्लेयरच्या 'रेन इन ब्लड' (१९८६) मध्ये 'पोस्टमॉर्टेम'मधून 'रेनिंग ब्लड'मध्ये जाताना, क्वीन्सराइकच्या 'ऑपरेशन माइंडक्राइम' (१९८८) मध्ये पहिली तीन गाणी एकमेकांत शिरताना क्षणभराची शांतता आली तरी परिणाम मोडतो. एमपीथ्रीमध्ये सुरुवातीला आणि शेवटी थोडी पोकळी भरली जाते, जुने प्लेअर ती वगळत नाहीत. फ्लॅकमध्ये हा प्रश्नच नाही.

'रेन इन ब्लड' २९ मिनिटांच्या आतला आहे. त्याच्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम होता. तशी कॅसेट असेल तर दोन्ही बाजू रेकॉर्ड करा आणि जी कमी झिजलीय ती ठेवा.

आणि ड्रीम थिएटरच्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' (१९९९) च्या अखेरीची खरखर मूळातली आहे. पुढचा अल्बम 'सिक्स डिग्रीज' (२००२) तिथूनच सुरू होतो. क्लिक काढणारं सॉफ्टवेअर तिच्यावर सोडू नका.

---

कातळशिल्प

मुंबईकरांसाठी: मेडनच्या 'फ्लाइट ६६६' (२००९) या लाइव्ह अल्बममधलं 'एसेस हाय' १ फेब्रुवारी २००८च्या मुंबईच्या कार्यक्रमातलं आहे. 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) ची स्टुडिओ आवृत्ती आणि ही मागोमाग लावा. तीन गिटार झाल्यावर मधला भाग कसा भरतो ते पाहा. गर्दीचा आवाज आपल्याकडचा आहे, ते वेगळंच. आपल्या बँडांपैकी मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०) पुन्हा काढा. कीबोर्ड आणि ब्लास्ट बीट (अतिजलद ड्रम्सचा ठेका) एकत्र असलेल्या अल्बमला दाबलेला एमपीथ्री अजिबात मानवत नाही, मूळ सीडीच लावा.

---

पत्रा_ठोक

शेवटचा प्रश्न. एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या ठेवायच्या तर नावं कशी द्यायची? प्लेअर सगळ्या एकत्र करून टाकतो, प्रत्येक गाणं तीनदा वाजतं.

---

तिरपा_काटा

अल्बमच्या नावातच आवृत्ती लिहा: 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ, १९९५ सीडी', 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ, २०११ सीडी'. 'डेट' या टॅगमध्ये मूळ साल १९८० ठेवा म्हणजे कालक्रम बिघडत नाही, आणि छपाईचं साल व कॅटलॉग क्रमांक वेगळ्या टॅगमध्ये. म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड हा टॅग लावणारा प्रोग्रॅम या दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने देतो. पण त्याचा आपोआप अंदाज मान्य करू नका, तो बहुधा सर्वांत लोकप्रिय आवृत्ती चिकटवतो. बारकोड टाकून स्वतः निवडा. 'अल्बम आर्टिस्ट' सगळीकडे एकसारखा लिहा, एका ठिकाणी 'ओझी' आणि दुसरीकडे 'ओझी ऑस्बॉर्न' असेल तर प्लेअर दोन माणसं करतो. लॉग आणि कव्हरच्या मागच्या बाजूचं स्कॅन त्याच फोल्डरमध्ये टाका. आणि रीप्लेगेन प्रत्येक आवृत्तीवर स्वतंत्र चालवा, दोन्ही फोल्डर एकत्र निवडलेत तर स्कॅनर त्यांना एकच अल्बम धरतो आणि गेन चुकतो.